वडीला घाम का सुटतो: मेणं मिसळण्याचा अनुभव

वॅक्स मेल्ट म्हणजे सुगंधी मेणाची बिनवातीची वडी; वॉर्मर नावाच्या छोट्या उपकरणाच्या तापलेल्या बशीत ती वितळवून वास घ्यायचा. बरणीत ओतण्यासाठी बनवलेलं सोया मेण साच्यात ओतून अशा वड्या पाडायला गेलं, तर त्या सुटता सुटत नाहीत. ओढून काढाव्यात तर कोपरा साच्यातच राहतो, हातात आलेल्या वडीवर बोटांचे ठसे उमटतात, आणि चार-दोन दिवसांत तिच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब जमायला लागतात. वडीला चक्क घाम सुटतो. मेणं मिसळून कडक करण्याच्या नादी मी लागलो तो या घामापायी.

यात मेणाचा काही दोष नसतो. सोया मेण म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. ते किती घट्ट करायचं हे कारखान्यात ठरतं. बरणीसाठीचं मेण मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, कारण निवताना त्याने काच सोडता कामा नये. ते साधारण ४६ ते ५० अंश सेल्सिअसला वितळतं. बरणीत काचेला धरून बसणं हा त्याचा गुण. साच्यात तोच अवगुण ठरतो. त्यावर आपण शंभर ग्रॅमला आठ-दहा ग्रॅम फ्रॅग्रन्स ऑइल ओततो. वास कितीही देखणा असो, मेणाच्या लेखी ते एक पातळ तेलच. थिजताना मेणाचे स्फटिक एकमेकांना भिडायला बघतात आणि हे तेल त्यांच्या फटींत शिरून बसतं. मावेल तेवढं आत राहतं, उरलेलं पृष्ठभागावर येतं. त्यामुळे नुसतं मेण किती कडक आहे हे बघून भागत नाही, तेल पोटात घेतल्यावर ते किती कडक उरतं ते बघावं लागतं. आणि तेही प्रत्येक सुगंधाला वेगळं. लिंबूवर्गीय पातळ सुगंध मेणाला जेवढं ढिलं करतात, तेवढे जडसर लाकडी सुगंध करत नाहीत, निदान माझ्याकडच्या बाटल्यांपुरतं तरी.

कडकपणा मोजायचा कसा, हा पहिला प्रश्न. नखाने दाबून बघण्यात आज वाटलेलं उद्या वाटत नाही. पेट्रोलियम मेणांसाठी प्रयोगशाळेत सुईची चाचणी असते. मेण २५ अंशांवर ठेवतात, १०० ग्रॅम भाराची ठरावीक आकाराची सुई त्यावर ५ सेकंद सोडतात आणि ती किती रुतली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. त्याची घरगुती नक्कल मी केली. पोती शिवायचा दाभण बुचात रोवला, बुचावर नटबोल्ट चिकटवून सगळं मिळून १०० ग्रॅम भरेल असं केलं, दाभण सरळ उतरावा म्हणून तो एका उभ्या नळीतून सोडला आणि त्याच्या टोकाकडे बारीक मार्करने मिलिमीटरच्या रेघा मारल्या. यातून निघणारा आकडा जगात दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. पण माझी एक वडी माझ्याच दुसऱ्या वडीपेक्षा मऊ की कडक, हे त्यातून बिनचूक कळतं. अट एवढीच, की दोन्ही वड्या सारख्या वयाच्या आणि सारख्या तापमानाच्या हव्यात. सोयाची वडी ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आकडा देते आणि आठवड्याने दुसरा, कारण वरून थिजलेली दिसली तरी आत स्फटिकांची हलवाहलव चालूच असते. सोया मेणबत्ती आठवडा-दोन आठवडे मुरू द्या म्हणतात, ते उगाच नाही.

दाभण वापरायला लागल्यावर एक सरसकट सांगितली जाणारी गोष्ट निकालात निघाली. ती म्हणजे 'मेण मऊ पडतंय? मग जास्त अंशांना वितळणारं मेण घाला.' मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ५६-५८ अंशांना वितळणारं पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासूनचं मेण, त्याच्या आधीच पातळ होतं. तरीही मधमाशीच्या मेणाचा तुकडा मुठीत धरून ठेवला की तो मळता येतो, आणि पॅराफिनचा पातळ तुकडा वाकवायला गेलं की कटकन तुटतो. किती अंशांना वितळतं, दाबाला किती दाद देतं, आणि वाकवल्यावर तुटतं की वाकतं, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मेल्टच्या वडीला साच्यातून सुटण्याइतका कडकपणा हवा, कप्प्यांच्या रेघेवर स्वच्छ तुटण्याइतका ठिसूळपणा हवा, आणि तरीही वॉर्मरच्या बशीत ती लवकर वितळली पाहिजे. म्हणजे द्रवणांक फार वर न नेता कडकपणा वाढवायचा आहे. बरणीतल्या मेणबत्तीचं मागणं निराळं. तिथे ठिसूळपणा अजिबात नको, काचेची साथ सुटायला नको, आणि वातीला खेचता येईल इतकं मेण पातळ झालं पाहिजे. एकाच डब्यातल्या मेणाने ही दोन्ही कामं करावीत ही अपेक्षाच मी सोडून दिली.

मग एकेक भिडू घेतला. दर वेळी मेण १०० ग्रॅम, तेल तेच आणि तेवढंच, बदल एकाच गोष्टीत.

स्टिअरिक ॲसिड या चरबीतून मिळणाऱ्या घट्ट आम्लापासून सुरुवात केली, कारण मेण कडक करायची ही सगळ्यात जुनी युक्ती. जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या मऊ असत, धूर करत आणि त्यांना वास येई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल याने चरबीतली आम्लं वेगळी केली आणि १८२५ मध्ये गे-लुसाक या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यापासून मेणबत्त्या करण्याचं पेटंट घेतलं. पुढे पॅराफिन आलं. त्याच्या सुरुवातीच्या मेणबत्त्या कमी अंशांना नरम पडत, तेव्हा त्यातही स्टिअरिकच घातलं गेलं. रसायनशास्त्राच्या तक्त्यात स्टिअरिक ॲसिडचा द्रवणांक ६९ अंश दिलेला असतो. माझ्याकडच्या पांढऱ्या पापुद्र्यांत थर्मामीटर धरला, तर ते पंचावन्न-छप्पन अंशांनाच पाणी झाले. पुडीत भेसळ नव्हती. मेणबत्तीसाठी 'स्टिअरिक' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा स्टिअरिक आणि पाल्मिटिक या दोन आम्लांचं मिश्रण असतं. शुद्ध पाल्मिटिक वितळतं ६३ अंशांच्या आसपास. ६३ आणि ६९ वाले एकत्र आले की मिश्रण दोघांच्याही खाली, ५५च्या घरात वितळतं! एकाचे रेणू दुसऱ्याची घडी बसू देत नाहीत. मेणं मिसळताना सरासरी काढून द्रवणांक सांगता येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही. आणि मेल्टवाल्याला तर हे सोयीचंच आहे: कडकपणा मिळतो आणि वितळणं फारसं वर जात नाही.

पॅराफिनमध्ये पाच टक्के स्टिअरिकने फरक उघड दिसला. पारदर्शकपणा जाऊन दुधट पांढरा रंग आला, वडी साच्यापासून आपोआप सुटली. निव्वळ सोयात मात्र तेवढ्याच स्टिअरिकने दाभण फारसा अडला नाही, उलट पृष्ठभागावर पांढुरकी नक्षी वाढली. सोया मुळात चरबीच. ती एकाहून अधिक प्रकारचे स्फटिक करते आणि कालांतराने एका प्रकारातून दुसऱ्यात जाते; फ्रॉस्टिंग म्हणतात ते हेच. स्टिअरिकबद्दल आणखी एक: ते आम्ल आहे, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यात वितळवू नये. धातूशी जुळून मेणाला हिरवट छटा येते. स्टीलचं भांडं बरं.

पॅराफिन हा सगळ्यात उपयोगी भिडू, हे सांगताना मला संकोच नाही. 'नैसर्गिक' शब्दाचा मोह मलाही आहे, पण काजळी मुख्यतः जाड वातीने, वाऱ्याने हलणाऱ्या ज्योतीने आणि जास्त तेलाने होते. मेणाचं कूळ त्यानंतर येतं. सोयामध्ये पंचवीस-तीस टक्के पॅराफिन गेलं की वडी खटकन सुटते, कडा धारदार येतात आणि वितळल्यावर सुगंध अधिक मोकळा होतो. वडी सुटते ती पॅराफिन थिजताना चांगलंच आक्रसतं म्हणून, द्रवापासून घनापर्यंत आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होतं. साच्यातून सुटणं हे त्या आक्रसण्याचंच फळ. त्याचाच दुसरा चेहरा बरणीत दिसतो: वातीभोवती खळगा पडतो, काचेशी ओलसर डागासारखे पोकळ पट्टे उमटतात. खळग्यासाठी थोडं मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतावं लागतं. पट्टे काही जात नाहीत, त्यांच्याशी जुळवून घ्यायचं.

मधमाशीचं मेण दहा टक्के घातलं की सोयाचा विसविशीतपणा जातो, पृष्ठभाग गुळगुळीत येतो, आणि घामाला बऱ्यापैकी आळा बसतो. पण ते चिवट आहे. वडी तुटत नाही, वाकते आणि मग फाटते. शिवाय त्याचा मधाळ वास नाजूक फुलांच्या सुगंधावर बसतो. लाकडी, मसालेदार सुगंधांना तो खपून जातो, मोगऱ्याला नाही.

कार्नौबा या ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरच्या मेणाकडून मोठी आशा होती, कारण मिसळल्या जाणाऱ्या मेणांत ते सगळ्यात कडक. द्रवणांक ८२ ते ८६ अंश. दोन टक्क्यांतच वडीला चकाकी येते आणि दाभण वरच्या वर थबकतो. मात्र इथे उष्णतेचा हिशेब गळ्याशी येतो. पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मेण ८५-९० अंशांवर पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर ढवळत राहिलं नाही तर कार्नौबाचे कण तळाशी तसेच राहतात. नीट वितळवलं तरी निवताना तेच सगळ्यात आधी थिजायला लागतं. मिश्रण ७० अंशांच्या खाली आलं की ते धुरकट व्हायला लागतं. आता मेल्टचे ते पारदर्शक, झाकणाचे, कप्पेवाले डबे आठवा. त्यातले बरेचसे पेट (PET) या पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचे असतात आणि ते ७० अंशांच्या आसपास नरम पडून वाकडं होतं. म्हणजे साच्यासाठी मेण ६० पर्यंत निववून ओतायला हवं, आणि कार्नौबासाठी ७० च्या वर असताना. दोन्ही जमत नाही. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा सिलिकॉनचे साचे घेतले तर ही कोंडी सुटते. पण मग वॉर्मर उभा राहतो. मेणदिव्यावरच्या वॉर्मरला या वडीचं काही वाटलं नाही. बल्बवाल्या सौम्य वॉर्मरमध्ये मात्र तिच्या मधोमध न वितळलेलं बेट बराच वेळ तरंगत राहिलं. कार्नौबा मी मेल्टमधून काढून टाकलं.

व्हायबार नावाचं एक पॉलिमर मिळतं, अर्धा ते दोन टक्के घालायचं. ते पॅराफिनमध्ये तेल धरून ठेवतं आणि पृष्ठभागावरचे ठिपके घालवतं. जास्त झालं तर तेल इतकं घट्ट धरतं की वासच बाहेर येत नाही. घाम थांबला आणि सुगंधही थांबला, असा प्रकार. मायक्रोक्रिस्टलाइन, म्हणजे पेट्रोलियमचंच पण बारीक स्फटिकांचं मेणही तेल चांगलं धरतं, पण चिकट असतं. ते मूर्ती-साचे करणाऱ्यांना लखलाभ.

एवढं झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली, जी मला कुठल्याच कोष्टकात मिळाली नव्हती. कडक करणारी प्रत्येक वस्तू मोबदल्यात काहीतरी मागते. तेल धरून ठेवणारी वस्तू वासावर हात मारते, द्रवणांक वाढवणारी वातीवर किंवा वॉर्मरवर, आक्रसणारी काचेवर. तेव्हा 'मेण किती कडक करता येईल' हा प्रश्न सोडून मी 'घाम थांबेल आणि वडी सुटेल इतपतच' या बेताने मिश्रण बांधायला घेतलं.

मेल्टसाठी सध्या चालतं ते असं: साच्यातल्या मेणबत्त्यांसाठीचं, जरा कडक सोया ६५ भाग, ५८ अंशांच्या आसपासचं पॅराफिन ३०, स्टिअरिक ५. पॅराफिन हाताशी असलं की स्टिअरिकलाही काम मिळतं. त्यावर तेल शंभर ग्रॅम मेणाला ९ ग्रॅम. इथे टक्केवारीची एक गंमत ध्यानात ठेवावी लागते. १०० ग्रॅम मेणात ९ ग्रॅम तेल म्हणजे १०९ ग्रॅम मिश्रणात ९, म्हणजेच सव्वाआठ टक्के. मेणाच्या पाकिटावरची 'कमाल १०%' साधारणपणे मेणाच्या वजनावर असते, आणि सुगंधाच्या सुरक्षित मर्यादा मात्र तयार मालाच्या वजनावर सांगितलेल्या असतात. दोन्ही वाचताना कशाचे टक्के हे आधी बघायचं. आणि सगळं वजनाने, मिलिलिटरने नाही. तेलांची घनता एकेकाची वेगळी. साच्यात किती मेण लागेल ते काढायला साचा पाण्याने भरून ते पाणी वजन करतो आणि ०.९ ने गुणतो. मग साचा अगदी कोरडा पुसायचा, पाण्याचा एक थेंब राहिला तरी वडीला भोक पडतं.

वितळवणं नेहमी पाण्यावर, थेट आचेवर नाही. मेण पाण्यासारखं उकळून इशारा देत नाही, ते मुकाट तापत जातं आणि दोनशे अंशांच्या आसपास त्याची वाफ ज्योतीने पेट घेते. खाली पाणी असलं की शंभरच्या वर जाण्याची सोय उरत नाही. तरीही झाकण हाताशी असावं. मेण पेटलं तर आच बंद करून झाकण घालायचं. पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण चहूकडे उडतं.

८०-८५ अंशांवर सगळं एकजीव झालं की आचेवरून उतरवून तेल घालतो आणि दोन मिनिटं सावकाश ढवळतो, भसाभस नाही, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. तेल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या वर घातलं तर वास उडून जातो असं बरेच जण सांगतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे ठिणगी मिळाल्यास वाफ पेट घेईल ते तापमान. वास टिकण्याशी त्याचा असा सरळ संबंध नाही. ज्योतीपासून दूर राहायला मात्र तो आकडा बघायलाच हवा. थंड मेणात घातलेलं तेल नीट मिसळत नाही आणि पुन्हा घामाचीच पाळी येते. व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक) असलेले सुगंध मेण हळूहळू तपकिरी करतात. त्याला कडकपणाने काही होत नाही, रंगच तसा निवडायचा.

साचा भरल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळतो. बाहेरचा थर आधी आवळला आणि आतला मागाहून थिजला, की चिरा पडतात.

बरणीसाठी याच्या जवळपासही जात नाही. तिथे बरणीचंच मऊ सोया ८५, पॅराफिन १०, मधमाशीचं मेण ५. स्टिअरिक शून्य. नुसत्या सोयाला गरम दिवसांत वरून तेल सुटायचं ते इतक्यानेच थांबलं. पण या पंधरा टक्क्यांनी वात बदलायला लावली. मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. त्याआधी पातळ मेण वातीतून वर चढावं लागतं, आणि मधमाशीचं मेण पातळ झालं तरी दाटच राहतं. जी वात निव्वळ सोयात तासा-दोन तासांत काठापर्यंत मेण वितळवत होती, ती नव्या मिश्रणात मधोमध विहीर खणत खाली गेली आणि कडेला मेणाची भिंत उभी राहिली. एक क्रमांक जाड वात घेतल्यावर मेण काठापर्यंत पोहोचलं, त्याहून जाड घेतल्यावर टोकाला काजळीचा गड्डा धरला आणि काच काळवंडली. म्हणून आता मिश्रणात दोन टक्क्यांचाही फेर केला की निदान तीन जाडीच्या वाती त्याच बरणीत, त्याच तेलासह लावून बघतो. बिनतेलाच्या मेणावर वात तपासण्यात अर्थ नाही.

सध्या मधमाशीच्या मेणाऐवजी हायड्रोजनने घट्ट केलेलं खोबरेल घालून बघतोय. फ्रॉस्टिंग जवळजवळ गेलं आहे, काचेची पकडही सुधारली, पण दाभण पुन्हा खोल जायला लागलाय. पॅराफिन १० वरून १५ वर नेलेल्या बरण्या ओतून ठेवल्या आहेत. त्या मुरल्यावर आधी दाभण, मग वात.